कोलांटीपासून बॅकफ्लिपपर्यंत : नव्याने शिकणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पलट्यांबद्दल, म्हणजे हवेतल्या हवेत अंगाची पूर्ण फेरी घेण्याबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. हे वाचून एकट्याने बॅकफ्लिप (मागच्या दिशेने पलटी) मारायला जाऊ नका. वाचून पायऱ्या कळतील, पण धरायला जाणकार माणूस आणि खाली जाड गादी लागतेच.

१. सुरुवात कशापासून करायची? थेट बॅकफ्लिप शिकलं तर चालणार नाही का?

नाही. पलटी चुकली की अंग गोळा करून लोळत सुटायची सवय आधीच अंगात मुरलेली असावी लागते, आणि ती साध्या कोलांटीतूनच येते. आधी पुढची कोलांटी, मग मागची, भिंतीच्या आधाराने हातांवर उभं राहणं, कमान, कार्टव्हील (हातांवरून बाजूला चाकासारखं फिरणं), राउंडऑफ (तसंच, पण दोन्ही पाय जुळवून एकदम उतरणं). त्यानंतर गादीच्या थप्पीवरचा सराव (प्रश्न ६) आणि मग माणसाच्या आधाराने पलटी.

पुढच्या कोलांटीत हनुवटी छातीला लावलेली हवी. वजन हातांवरून थेट खांद्यांच्या मागच्या भागावर जातं, डोकं फार तर मागच्या बाजूने निसटतं टेकतं. टाळूवर भार येत असेल तर हात नीट ढकलत नाहीत असं समजा. मागच्या कोलांटीत मान दुखते ती बहुतेक वेळा तळहात कानांजवळ टेकवून जमीन ढकलायची राहून गेल्यामुळे. गादीच्या एका टोकाखाली दुसरी गादी सारून उतार केला की हे ढकलणं लवकर जमतं.

२. अंगात किती ताकद हवी?

दंड किती फुगले आहेत यापेक्षा उडी किती उंच जाते आणि गुडघे किती वेगाने छातीकडे येतात ते बघा. जागच्या जागी उडी मारून मांड्या छातीपर्यंत आणायच्या, अशा सलग १० उड्या, दहावी पहिलीइतकीच उंच. पाठीवर झोपून खांदे आणि पाय जमिनीपासून थोडे वर, कंबर जमिनीला चिकटलेली, असं ३० सेकंद. आणि गुडघे आत न वळता २० बैठका. एवढं जमेपर्यंत पलटीचा विषय काढू नये.

उंचीचा आग्रह का, तर ४० सेंटीमीटर उंच उडी घेतली तरी माणूस हवेत जेमतेम अर्धा सेकंद असतो. तेवढ्यात पूर्ण फेरी बसवायची असते. उडी त्याहून कमी पडली की कितीही हिंमत केली तरी फेरी अपुरीच राहणार.

३. मुलगा सहा वर्षांचा आहे. आणि मी स्वतः अडतीसचा. दोघांना जमेल का?

दोघांनाही, पण वेगवेगळ्या चालीने. सहाव्या-सातव्या वर्षी कोलांट्या, कार्टव्हील, हातांवर उभं राहणं एवढंच पुरे आहे. त्या वयात मुलांना भीती कमी आणि मानेची ताकदही कमी असते, म्हणून पलटीची घाई पालकांनी करू नये. अडतिशीत डोकं समजूतदार असतं, पण घोटे, पोटऱ्या आणि मनगटं आखडलेली असतात. त्यांना आधी महिना-दीड महिना नुसत्या उड्या, दोरी आणि मनगटांचा व्यायाम द्या.

उच्च रक्तदाब, फिट येणं, चक्कर, मानेचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात. त्यांच्या बाबतीत तपासणी झाल्याशिवाय साधी कोलांटीसुद्धा नको.

४. आमच्याकडे जिम्नॅस्टिकचा हॉल नाही. शेतात किंवा नदीत सराव केला तर?

काळ्या मातीवर नको. उन्हाळ्यात ती दगडासारखी कडक होते आणि भेगांत पाय अडकून घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तीच पायाला चिकटते, उडीच निघत नाही. उकरून मऊ केलेली तालमीची माती कोलांट्यांना आणि पडायला शिकण्यासाठी उत्तम. गावात तालीम असेल तर वस्तादांना विचारून सकाळची कुस्ती आटोपल्यावर जागा मागा.

तापी, गिरणा किंवा पांझरेच्या पात्रातली कोरडी वाळू पडायला बरी, पण उडी घ्यायला वाईट. पाय दाबला की वाळू सरकते, उंची जाते. त्यामुळे वाळूत पाय ठेवायची जागा पाणी शिंपडून घट्ट करा आणि उतरायची जागा फावड्याने वीतभर खोल उकरून मोकळी ठेवा. उकरताना काचा, खिळे, काटे हाताने चाळून काढायचे. हे दर वेळी करायचं, कालची जागा आजही स्वच्छ असेल असं धरून चालू नका.

५. घरच्या कापसाच्या गाद्या एकावर एक रचल्या तर पुरतील का?

कोलांट्यांना पुरतील, पलटीला नाही. कापसाची गादी जोराच्या भाराखाली लगेच दबते आणि खालची फरशी लागते. फरशीवर ती सरकतेसुद्धा. दोन गाद्यांच्या फटीत पाय गेला की घोटा गेलाच. कुस्तीची मॅटही पलटी शिकायला पातळ पडते. जिम्नॅस्टिकमध्ये उतरायची गादी साधारण २० सेंटीमीटर जाड असते आणि नवशिक्यांसाठी त्याहून जाड, मऊ गादी वापरतात. मात्र फार मऊ गादीवर उभं उतरताना पाय रुततो, म्हणून ती पाठीवर पडण्याच्या सरावाला आणि घट्ट गादी पायांवर उतरायला, असं वाटून घ्या.

६. बॅकफ्लिपच्या पायऱ्या नेमक्या कोणत्या?

इथे घाई केली की पुढे महिनाभर भीती निस्तरत बसावी लागते, म्हणून एकेक पायरी सविस्तर देतो.

पहिली पायरी: मऊ गाद्यांची थप्पी कमरेपर्यंत रचा. तिच्याकडे पाठ करून टाचेपासून वीतभर अंतरावर उभे राहा. हात वर फेकत उंच उडी घ्या आणि सपाट पाठीवर पडा. हनुवटी आत, हात डोक्याच्या वर, मागे टेकवायला जायचं नाही. पडताना आवाज पूर्ण पाठीचा एकदम यावा. आधी ढुंगण आणि मग पाठ असे दोन आवाज आले तर उडी वर न जाता मागे गेली.

दुसरी: तीच उडी, पण पाठ टेकता टेकता गुडघे छातीवर ओढा आणि गुडघ्यांच्या खाली नडग्या धरा. गुडघे खांद्यांकडे यायला हवेत. खांदे गुडघ्यांकडे गेले तर फिरकी मरते.

तिसरी: त्याच वेगात थप्पीवरच मागची कोलांटी पूर्ण करून पायांवर या. शेजारी माणूस हवा.

चौथी: दोन जण दोन्ही बाजूंना. शिकणाऱ्याला उडी न घेता उचलून, संथ गतीने उलटं फिरवून पायांवर ठेवायचं. पाच-सहा वेळा. डोळे उघडे ठेवून छत, मागची भिंत, जमीन कोणत्या क्रमाने दिसते ते तोंडाने बोलायचं. भीती कमी करायला याइतका स्वस्त उपाय नाही.

पाचवी: जाड गादीवर, दोघांच्या आधाराने पूर्ण वेगात. हात खाली आणि मागे, गुडघे थोडे वाकलेले, मग हात कानांजवळून सरळ वर. नजर समोर. पाय जमीन सोडेपर्यंत मागे झुकायचं नाही. उडीच्या शेंड्याला गुडघे वर ओढायचे, जमीन दिसली की अंग उलगडायचं आणि गुडघे मऊ ठेवून उतरायचं.

एका आधारवाल्याला हात नुसता टेकवावा लागतो, जोर लावावा लागत नाही, असं सलग बऱ्याच वेळा झालं की दुसरा माणूस कमी करा. आठवड्याला तीन सराव धरले तर बहुतेकांना इथपर्यंत यायला काही महिने लागतात. दोन दिवसांत शिकवतो म्हणणाऱ्याकडे मुलं पाठवू नका.

७. डोकं जोरात मागे टाकलं की लवकर फिरतो असं मित्र म्हणतात. खरं का?

उलट आहे. डोकं आधी मागे गेलं की पाठीची कमान होते, पाय जमीन नीट ढकलायच्या आतच अंग मागे कलतं आणि उंची जाते. मग माणूस लांब मागे जाऊन हातांवर किंवा डोक्यावर येतो. फेरीचा जोर पाय जमिनीवर असतानाच मिळतो. हवेत गेल्यावर तो वाढवता येत नाही, फक्त अंग गोळा करून फिरणं वेगवान करता येतं. म्हणून आधी उंच, मग गोळा.

८. फ्रंटफ्लिप सोपी असते ना? मग आधी तीच शिकू का?

भीती कमी वाटते, कारण समोर उडी मारायची असते. पण उतरताना जमीन शेवटपर्यंत दिसत नाही, त्यामुळे नीट उभं उतरणं तिच्यात जास्त अवघड. नवशिके ढुंगणावर बसतात किंवा स्वतःचाच गुडघा नाका-दातांवर आपटून घेतात. गुडघे थोडे उघडे ठेवून, नडग्या धरून फिरा. धावत यायचं तर तीन-चार पावलं पुरतात. दोन्ही पाय एकत्र आपटून वर उठायचं, पुढे झेपायचं नाही. मऊ गादीवर पाठीवर उतरण्यापासून सुरुवात करा.

९. सगळं येतं, पण ऐन वेळी पायच उचलत नाहीत. भीती घालवायची कशी?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच. “घाबरतोस काय, मार!” असं ओरडून भीती जात नाही. ज्याला असं ढकललं जातं त्याची पुढची उडी अर्धवट होते, आणि अर्धवट उडीनेच लागतं (प्रश्न १०).

भीती बहुतेक वेळा खरं सांगत असते: मधली एखादी पायरी कच्ची आहे. ती शोधायची. स्वतःला विचारा, नेमकं कशाला घाबरतोय? “डोक्यावर पडेन” असं उत्तर असेल तर उंचीवर किंवा गुडघे ओढण्यावर विश्वास नाही, म्हणजे प्रश्न ६ मधली दुसरी पायरी. “कुठे आहे ते कळत नाही” असेल तर चौथी. “हे धरतील का” असेल तर माणूस बदला, त्यात संकोच नको. “लोक बघतायत” असेल तर बघ्यांना बाहेर काढा आणि मोबाइल बंद करा.

उत्तर सापडलं की त्या पायरीवर परत जा आणि ती कंटाळा येईपर्यंत करा. कंटाळा आला म्हणजे भीती संपत आली. मग पुढची एकच पायरी. गादी थोडी कमी, आधार तोच, किंवा आधार कमी आणि गादी तीच. दोन गोष्टी एका दिवशी बदलू नका.

उडीच्या वेळेसाठी एक ठरावीक क्रम ठेवा आणि तो कधी मोडू नका: पाय जुळवा, एक लांब श्वास सोडा, समोरच्या भिंतीवर एक खूण धरा, “एक, दोन” म्हणा आणि उडी. “तीन”ची वाट बघायची नाही. गादीवर उभं राहून विचार करत बसलं की भीती वाढते, म्हणून निर्णय गादीबाहेर घ्यायचा. सलग तीन वेळा उडी न घेता थांबलात तर त्या दिवशी पलटी बंद. थप्पीवरच्या चार चांगल्या उड्या मारून घरी जा. शेवट नेहमी जमलेल्या गोष्टीवर करावा, कारण पुढच्या सरावाला येताना अंगाला तेवढंच आठवतं.

१०. हवेत गेल्यावर चुकतंय असं वाटलं तर सोडून द्यायचं का?

सोडायचं नाही. घाबरून अंग उघडलं की फिरणं मंदावतं आणि माणूस उलटा असतानाच खाली येतो. गुडघे अजून घट्ट ओढा. जास्त फिरून ढुंगणावर पडणं कमी फिरून डोक्यावर येण्यापेक्षा कितीतरी बरं. मागे पडताना हात सरळ ताठ करून टेकवू नका, कोपर आणि मनगट त्यानेच मोडतं. हनुवटी आत, हात पुढे, पाठीवर लोळत जा. हे पडणं वेगळं शिकायचं, दर सरावाच्या सुरुवातीला.

११. धरणाऱ्याने हात नेमके कुठे लावायचे?

बॅकफ्लिपला बाजूला, अंगाला अगदी लागून उभं राहायचं. एक हात कमरेच्या खालच्या भागावर, दुसरा मांडीच्या मागे गुडघ्याच्या वर. कमरेवरचा हात उचलतो, मांडीवरचा फिरवतो. उडी संपली तरी हात काढायचे नाहीत, पाय टेकून माणूस स्थिर झाला की मगच. मानेला किंवा खांद्याला धरून फिरवू नका. धरणाऱ्याचा चेहरा गुडघ्यांच्या वाटेत येत नाही ना, तेही बघा.

शिकणाऱ्याने कडं, अंगठ्या, गळ्यातली चेन आणि सैल दोरे काढून ठेवायचे, ओढणी नको, केस घट्ट बांधायचे. मुलींना शिकवताना हात कुठे लागणार हे आधी सांगून त्यांची संमती घ्या. धरायला बाई असेल तर मुली मोकळेपणाने उडी घेतात, हा फरक लगेच दिसतो.

१२. कमरेला पंचा बांधून दोन बाजूंनी दोघांनी धरला तर?

नको. पंचा सरकून बरगड्यांवर येतो आणि फिरताना अंगाभोवती पिळला जातो. धरणाऱ्यांचे हात अडकतात आणि माणूस उलटाच लटकतो. आधाराच्या खऱ्या पट्ट्याला दोन्ही बाजूंना फिरत्या कड्या असतात, म्हणून दोर न पिळता माणूस फिरतो. तो पट्टा नसेल तर प्रश्न ११ प्रमाणे हातांचाच आधार घ्या.

१३. गादीवर आरामात मारतो, पण मैदानावर नाही. का?

गादीची जाडी एकदम शून्य झाली म्हणून. जाड गादी, घट्ट गादी, पातळ मॅट, उकरलेली माती, गवत अशा क्रमाने उतरा आणि दर बदलाला पहिल्या काही उड्यांसाठी आधारवाला परत बोलवा. ट्रॅम्पोलिनवरून थेट जमिनीवर येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. ट्रॅम्पोलिन उशिरा उसळी देतं, जमीन लगेच. त्यांनी प्रश्न ६ मधली पहिली पायरी नव्याने करावी.

१४. वर्षभर पलटी येत होती. आता अचानक हवेत कुठे आहे तेच कळत नाही. काय झालं?

हे मोठमोठ्या खेळाडूंनाही होतं. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं तेव्हा अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स यांना हवेत स्वतःच्या शरीराचा अंदाज लागेना, म्हणून त्यांनी सांघिक अंतिम फेरी अर्ध्यातून सोडली. पुढे पॅरिसला २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा सुवर्णपदकं जिंकली. म्हणजे यातून परत येता येतं, पण त्या दिवशी जोर करून नाही.

पलटी पूर्ण थांबवा. झोप, परीक्षा, घरातला ताण, अलीकडे झालेली पडझड यांकडे बघा. मग कोलांटीपासून सगळ्या पायऱ्या पुन्हा चढा. या वेळी त्या भराभर चढता येतात. पिळाच्या उड्या (पलटीतच अंग बाजूला फिरवायच्या) शिकायला घेतल्यावर हे झालं असेल तर पीळ बाजूला ठेवा, साधी पलटी आधी जागेवर येऊ द्या. चक्कर, डोकेदुखी किंवा कानाचा त्रास सोबत असेल तर डॉक्टरकडे जा.

१५. विहिरीत किंवा तापीत पलटी मारून शिकलं तर डोक्याला लागायची भीती नाही ना?

उलट तिथेच मान मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त आहे. पावसाळ्यानंतर पात्रातला गाळ आणि दगड जागा बदलतात. गेल्या वर्षीची खोल जागा यंदा उथळ असू शकते. विहिरीत बाजूचे दगड, पायऱ्या, मोटारीचा पाइप असतो. शिवाय पाण्यात पायांवर उतरायची सवय लागत नाही. खोली माहीत असलेल्या, जीवरक्षक असलेल्या तलावात पोहणाऱ्याने मारली तर गोष्ट वेगळी, पुलावरून मात्र कधीच नाही.

१६. जिनिंगमधला कापसाचा ढीग किंवा खळ्यातला कडबा गादीसारखा वापरता येईल?

दोन्ही नको. कापसाच्या ढिगात खोली सगळीकडे सारखी नसते आणि उलटा रुतलेला माणूस तोंड पुरलं गेल्यामुळे गुदमरू शकतो. कडब्याची धसकटं टोचतात, आत विळा राहिलेला असू शकतो, आणि विंचू-साप कडब्यातच बसतात.

१७. मे महिन्यात सराव बंद ठेवायचा का?

भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी नकोच. सकाळी सहा ते साडेसात ही वेळ धरा. संध्याकाळी ऊन उतरलं तरी रेक्झिनची गादी तापलेली असते, तळहात भाजतात, तिच्यावर आधी ओली चादर फिरवा आणि पुसून कोरडी करा. दर पंधरा मिनिटांनी पाणी, मधूनमधून लिंबू-मीठ-साखरेचं. वरण-बट्टी जेवून दोन-तीन तास उलटे होऊ नका आणि निरंकार उपासाच्या दिवशी फक्त अंग मोकळं करण्याचे व्यायाम ठेवा.

१८. मुलगा मल्लखांब करतो. त्याला पलट्या लवकर येतील का?

हातांची पकड, लवचीकपणा, उलटं असताना डोकं शांत ठेवणं हे त्याला येतंच, त्यामुळे भीती कमी असते. कमी पडते ती जमिनीवरून उठणारी उडी, कारण मल्लखांबावर वर जायचं काम हात आणि मांड्यांची पकड करते. म्हणून प्रश्न २ मधल्या उड्या त्यालाही चुकत नाहीत.

१९. वरातीत डीजेपुढे मारायची आहे, किंवा रीलसाठी. किती दिवसांत तयार होईन?

तारीख ठरवून शिकू नका. वरातीत डांबराचा रस्ता, फटाक्यांचा कचरा, पायात नवे गुळगुळीत बूट, दोन दिवसांचं जागरण आणि चारही बाजूंना माणसं, यातली एक गोष्टसुद्धा सरावातली नसते. कठीण जमिनीवर, बूट घालून, थकलेले असतानाही जी पलटी तुम्हाला सहज येते तीच लोकांसमोर मारा, आणि पुढे-मागे तीन मीटर मोकळी जागा नसेल तर तीही नको.

२०. पडल्यावर कधी घाबरायचं? आणि पाय मुरगळला होता, गॅदरिंगसाठी लवकर परतलं तर?

मान दुखते आहे, हातापायाला मुंग्या आहेत, बोटं हलत नाहीत, असं काही असेल तर त्याला उठवून बसवू नका, पाणी पाजू नका. डोकं जसं आहे तसं दोन्ही हातांनी स्थिर धरा आणि १०८ ला फोन लावा. डोक्याला मार लागून उलटी, गोंधळ, वाढती डोकेदुखी किंवा क्षणभर शुद्ध हरपली असेल तर दवाखाना, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत सराव नाही. बरं वाटलं तरी त्या दिवशी परत उडी नाही.

लवकर परतण्याबद्दल जिम्नॅस्टिकमधलं एक उदाहरण प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असावं. सोव्हिएत संघाच्या येलेना मुखिना १९७८ च्या जागतिक विजेत्या होत्या. मोडलेला पाय पुरता भरलेला नसताना त्यांना सरावाला आणलं गेलं. जुलै १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिक तोंडावर असताना, एका अवघड पलटीत उंची कमी पडून त्या हनुवटीवर आल्या, मान मोडली आणि त्या कायमच्या अपंग झाल्या.

दुखऱ्या पायाने उडी कमी भरते, आणि कमी उडीचं काय होतं ते प्रश्न २ मध्ये आहे. म्हणून एकट्या मुरगळलेल्या पायावर सलग २० उड्या न दुखता आणि दुसऱ्या पायाइतक्याच उंच जाईपर्यंत पलटी बंद. गॅदरिंगला हात, कमान आणि कार्टव्हीलचा कार्यक्रम बसवा, नाहीतर नाव मागे घ्या.